रसपुरीची तिथी

वासणा रोडवर रसाचे मंडप लागले की आमच्या बडोद्याचा उन्हाळा खरा सुरू होतो. त्याआधी असतं ते नुसतं ऊन. चार बांबू, वर हिरवी जाळी, आत स्टीलची मोठी पिंपं, गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या, आणि समोर स्कूटरवर बसल्या बसल्या डबे पुढे करणाऱ्या बायका. परवा संध्याकाळी फिरायला निघाले तर रस्ताभर केशर आंब्याचा वास. डॉक्टरांनी साखरेवरून मला दम दिलेला आहे, त्यामुळे रस वाटीभरच. पण वासावर अजून कुणी बंदी घातलेली नाही. एका मंडपापाशी मी उगाचच थांबले. पिंपात मोठा डाव फिरत होता, डावातून रसाची जाड धार पडत होती, आणि मला एकदम सिस्टर आग्नेस आठवल्या. इतक्या आठवल्या की मंडपवाल्याने "मासी, केटलो आपुं?" म्हणजे किती देऊ, असं दोनदा विचारलं तरी मला ऐकू आलं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं मी छाणीच्या बाजूला सिस्टरांच्या बालघरात जात असे. कॅथलिक सिस्टरांनी चालवलेलं मुलींचं घर. कुणाला आईबाप नाहीत, कुणाची आई एकटी आणि धुण्याभांड्यांची कामं करणारी, कुणाचा बाप कुठल्या कुठे मजुरीला गेलेला. माझं काम सोपं होतं. फोन घ्यायचा, आलेल्याला पाणी द्यायचं आणि तिथी ठरवून द्यायची. मी तिथे जाते म्हटल्यावर माझ्या नणंदेने काळजीच्या सुरात विचारलं होतं, "तिथे तुला कुंकू लावू देतात ना गं?" मी म्हटलं, "देतात. उलट एखाद्या दिवशी राहिलं तर तिथल्या प्रमुख सिस्टर फ्लोरी विचारतात, बाई, आज बरं नाही का?" त्यानंतर नणंदेने विषय काढला नाही.

तिथी म्हणजे काय हे इथे न राहणाऱ्याला सांगायला हवं. घरातल्या कुणाची पुण्यतिथी असो, नातवाचा वाढदिवस असो, इकडच्या माणसाला चार पोरांना पोटभर जेवू घातल्याशिवाय तो दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही. जेवण द्यायचं, स्वतः येऊन वाढायचं, आग्रह करकरून वाढायचं, आणि मुली हात धुवायला उठल्या की डोळे पुसत गाडीत बसायचं. आमच्याकडे हिंदू येत, जैन येत, एक पारशी बाई येत आणि दरवेळी स्वतःबरोबर चहाचा थर्मास आणत. ज्यांच्या नावाने जेवण, त्यांचं नाव दारातल्या फळ्यावर खडूने लिहायचं. जेवणाआधीच्या प्रार्थनेतही ते नाव यायचं. येशूच्या तसबिरीसमोर हात जोडून सगळ्या मुली एका सुरात म्हणायच्या, "हे प्रभु, शांताबाना आत्माने शांति आपजे." शांताबा बिचाऱ्या आयुष्यभर हवेलीत, म्हणजे वैष्णवांच्या कृष्णमंदिरात, दर्शनाला गेलेल्या. पण ते ऐकताना त्यांचा मुलगाही हात जोडायचा, आणि खरं सांगायचं तर मीही.

शांताबांचा मुलगा म्हणजे हसमुखभाई. वाघोडियाच्या एका कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेला, किडकिडीत, कायम बाहेर काढलेला सदरा आणि खिशात वेलदोडे. वैशाखात आईची तिथी आली की त्यांची रसपुरी ठरलेली. त्या वर्षी त्यांचा आनंद जरा जास्तच होता, कारण त्यांचा मुलगा कल्पेश वाघोडियाचीच नोकरी सोडून धंद्यात पडला होता आणि त्याने वासणा रोडवर रसाचा पहिलावहिला मंडप टाकला होता. यंदाचा रस घरचा, असं ते मला फोनवर दोनदा म्हणाले.

त्या दुपारी काय ऊन होतं! पंख्याखालीही मुलींच्या कपाळावर घाम. पुऱ्या, बटाट्याचं रसावाळं शाक, खमण, आणि वाट्यांमध्ये तूप-सुंठ घातलेला तो केशरी रस. हसमुखभाई 'अजून घ्या' करत पंगतीत फिरत होते. "हजु लो बेटा, हजु लो." पण मुली रसाच्या वाटीत बोट बुडवून चाटत आणि वाटी बाजूला ठेवत. हसमुखभाईंचा चेहरा उतरला. तेव्हा एका चिमुरडीने त्यांना समजावलं, "दीदी आवे पछी." म्हणजे दीदी आल्यावर. मोठ्या मुली नर्सिंगच्या प्रवेशासाठी आणंदला गेल्या होत्या, संध्याकाळी यायच्या होत्या. गोड सगळ्यांनी मिळून खायचं हा त्या घरातला दंडक. तो सिस्टरांनी घातला नव्हता, मुलींनीच कधीतरी आपसात ठरवला होता, कदाचित कुणाच्या तरी वाट्याला कधीतरी काहीच न उरल्यामुळे. हसमुखभाईंनी ते ऐकलं आणि हातातला डाव खाली ठेवून म्हणाले, मग राहू द्या, माझ्या आईलाही हेच आवडलं असतं.

स्वयंपाकघर सिस्टर आग्नेसचं. मंगळूरकडच्या, बुटक्या, पायाने अधू, वय विचारलं तर हसणाऱ्या. कुठलीच भाषा त्यांना पुरती येत नसे आणि कुठल्याच भाषेवाचून त्यांचं अडतही नसे. त्यांनी उरलेला रस एका पातेल्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी वीज गेली. ती आली तेव्हा ऊन कललं होतं. आणंदहून मुली आल्या, दमलेल्या, तोंडं लाल झालेल्या. आग्नेसनी पातेलं काढलं आणि बघितलं तर रस पुरणार नाही. दुपारी बोटं बुडवता बुडवता काही वाट्या संपल्याच होत्या. मग त्यांनी केलं ते, जे पोरांचं घर सांभाळणारी कुठलीही बाई करील. सकाळी तापवलेलं दूध होतं, ते रसात घातलं, ढवळलं आणि रस सगळ्यांना पुरवला. दूध दिवसभर त्या उकाड्यात ओट्यावर राहिलं होतं, आणि रसाच्या वासापुढे दुधाचा वास कुणाला येतोय.

सगळ्या मुली बऱ्या झाल्या हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण पहाटे मला फोन आला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. दवाखान्यात एका खाटेवर दोन दोन मुली, हाताला सलाईन, आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या सिस्टर फ्लोरी, चप्पल उलटसुलट घातलेली. दोन दिवसांत सगळ्या परत घरी आल्या, आणि तिसऱ्या दिवशी खाऊसाठी भांडायलाही लागल्या.

मुली बऱ्या झाल्या, पण बातमी बरी होईना. दवाखान्याच्या फाटकाशी कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. दुपारपर्यंत ते वासण्याच्या सोसायट्यांमधून फिरलं, खाली ओळ लिहिलेली, की वासणा रोडच्या मंडपाचा रस खाऊन मुली मरणाच्या दारात. मग तपासणीवाले आले, मंडपातल्या पिंपांतून नमुने घेतले आणि मंडप बंद ठेवायला सांगून गेले. रसाचा धंदा तो केवढ्या दिवसांचा! जूनमध्ये आर्द्रा नक्षत्र लागलं की गुजराती माणूस रसाला तोंड लावत नाही. कल्पेशने नोकरी सोडून मांडलेला डाव मधोमध मोडला. आणि लोक कुजबुजत काय होते, तर बापाने मुलाचा शिळा माल आईच्या नावाने अनाथ मुलींना घातला.

आग्नेसना हे सगळं कळायला एक दिवस लागला. कळलं तशा त्या सिस्टर फ्लोरींच्या खोलीत आल्या. मी तिथेच होते. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "रस अच्छा था सिस्टर. हम सुबह का दूध डाला." बस, एवढंच. मग त्या तिथेच खाली बसल्या.

सिस्टर फ्लोरी वसईच्या. बडोद्यात मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या माझ्यावर खूश असत, आणि मी त्यांच्या वसईच्या हेलावर. संध्याकाळी संस्थेच्या समितीतले एक गृहस्थ आले. भले माणूस. ते म्हणाले, "आपण खोटं कुठे बोलतोय? कुणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. आपलं स्वयंपाकघर बदनाम झालं तर उद्या एकही तिथी येणार नाही, सिस्टर. मुली काय खातील?" त्यांचं अगदीच चूक होतं असं म्हणवत नाही. लोक पैसा कुठेही देतात, पण अन्न द्यायला विश्वास लागतो. आपल्या मेलेल्या माणसाच्या नावाचा घास ज्या हातात ठेवायचा, तो हात स्वच्छ आहे असं वाटावं लागतं. ते वाटणं एकदा गेलं की माणूस कारण न सांगता दुसऱ्या दाराशी जातो.

सिस्टर फ्लोरींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ज्याने जेवण दिलं, त्याला त्या जेवणाचं काय झालं ते कळायला नको? शांताबाचं नाव आपण इथं प्रार्थनेत घेतो, आणि तिकडं रस्त्यावर घालवतो. चला बाई, उद्या आपण हसमुखभाईंकडं जाऊन येऊ."

रिक्षाने गेलो आम्ही. आग्नेसना सिस्टरांनी घरीच ठेवलं. हसमुखभाईंच्या घरी दारं-खिडक्या लावलेल्या. दार उघडलं त्यांनी स्वतःच, आणि आम्हाला बघून हातच जोडले. माफी मागायला लागले. "सिस्टर, मला खरंच कळत नाही हे कसं झालं, आम्हीही तोच रस खाल्ला, पण छोकरीओ आजारी पडल्या ते तर खरंच ना..." तो माणूस इतके दिवस स्वतःला दोषी मानून बसला होता! सिस्टरांनी त्यांचे हात धरले, खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. वीज, दूध, सगळं. माझं गुजराती त्यांच्यापेक्षा बरं, म्हणून मधेमधे मी भर घालत होते, आणि घालताना माझीच जीभ अडखळत होती.

आतल्या खोलीतून कल्पेश येऊन दाराशी उभा होता. मग हसमुखभाई काय म्हणाले ते ऐकून मी सर्द झाले. "सिस्टर, तमे कोईने कहेशो नहीं." कुणाला सांगू नका. "मारो छोकरो तो आवता वरसे, पुढच्या वर्षी, फरी मंडप बांधशे. पण तुमच्या घराचं नाव गेलं तर छोकरीओ जेवणार काय?" मी कल्पेशकडे पाहिलं. त्याची मान खाली होती, पण त्याने नाही म्हटलं नाही.

सिस्टर फ्लोरी रडल्या. मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना बघितलं ते त्या घरात. पदर नसतो ना त्यांना, मग डोळे पुसायला काही सापडेना, शेवटी मीच माझा रुमाल दिला. मग त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हसमुखभाई, तुम्ही देताय ते मी घेऊ शकत नाही. बाकी काहीही द्या, घेते."

तिथून त्या सरळ तपासणीवाल्यांच्या कचेरीत गेल्या आणि सगळं सांगून आल्या. मंडप उघडला. पण उघडून काय? लोक शेजारच्या मंडपात रांग लावत आणि कल्पेशकडे बघून मान वळवत.

मग सुरू झाली आमची फेरी. ज्या ज्या घरची तिथी आमच्याकडे असे, त्या प्रत्येक घरी जायचं आणि सांगायचं. मी म्हटलं, "सिस्टर, फोन करू या की." तर म्हणाल्या, "ते लोक वाढायला स्वतः येतात, बाई." भर ज्येष्ठात दोघी रिक्षाने फिरलो. छाणी, फत्तेगंज, मांडवी, दांडिया बाजार. बडोद्यात आयुष्य गेलं माझं, पण इतकी घरं आतून मी त्याच उन्हाळ्यात पाहिली. प्रत्येक घरी आधी पाणी, मग सरबत, मग आमचं सांगणं, मग शांतता. त्या शांततेत घड्याळं किती वेगवेगळ्या आवाजांची असतात ते मला कळलं. एका ठिकाणी म्हाताऱ्या शेटजींनी सगळं ऐकून फक्त "सारुं कर्युं" म्हटलं, चांगलं केलंत सांगितलंत, आणि पुढच्या आठवड्यात मुलाकरवी तिथी रद्द करवली. एका घरी बाई म्हणाल्या, पुढल्या वेळी बिस्किटांचे बंद पुडे पाठवू, चालेल ना? वांधो नाही, मी म्हटलं. बडोद्याच्या मराठी माणसाला असा प्रसंग निभावायला 'वांधो नाही'सारखा दुसरा शब्द नाही.

दांडिया बाजारातल्या गुप्ते काकूंकडे मात्र जायचं मी लांबवत आले होते. काकू म्हणजे आमच्या जुन्या बडोद्यातलं खणखणीत नाणं. नवरा शिक्षण खात्यात अधिकारी होता. तो गेल्यापासून दर आषाढात त्याची तिथी बालघरात, आणि वाढायला काकू स्वतः, नऊवारी खोचून. त्यांनी आम्हाला बसवलं, विधवेने लावू नये असलं काही न मानता मला हळदकुंकू लावलं, तोच हात सिस्टरांपाशी येऊन थबकला, आणि मग त्यांनी सिस्टरांच्या हातात एक केळं दिलं. सिस्टरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. सगळं ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण ह्यांची तिथी मी यंदा दुसरीकडे करीन. राग मानू नका हो. लेकरांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"राग कसला, काकू," सिस्टर म्हणाल्या. बाहेर पडल्यावर जिन्यातच त्यांनी ते केळं सोललं आणि अर्धं मला दिलं.

एका संध्याकाळी सिस्टर फ्लोरींनी मुलींना रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, आज आपण रस खायला जायचं. आजारी पडलेल्या, न पडलेल्या, सगळ्या. आग्नेसही निघाल्या. सिस्टरांनी त्यांना अडवलं नाही, नि बोलावलंही नव्हतं. वासणा रोडवर कल्पेशच्या मंडपासमोर बस थांबली आणि निळ्या झग्यातल्या मुली ओळीने उतरल्या. शेजारच्या मंडपासमोरची रांग बघायला लागली. एक दोघांनी मोबाइल काढले. कल्पेशने वाट्या भरल्या, मुली खाऊ लागल्या. तेवढ्यात त्या रांगेतली एक बाई दुसरीला मोठ्याने म्हणाली, एवढं होऊनही यांना इथे आणतात, कमाल आहे.

आग्नेस तिच्याकडे गेल्या, पाय ओढत. तिला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इधर का रस में कुछ नहीं था. खराब दूध हम डाला. बच्ची लोग हमारा हाथ से बीमार हुआ." हात पुढे करून दाखवले, दोन्ही, उघडे. मग परत आल्या, कल्पेशच्या हातातून वाटी घेतली आणि उभ्या उभ्या रस प्यायल्या.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. अभिमान वाटला म्हणावं तर वाईटही वाटलं. सिस्टर फ्लोरी दारोदार 'आमच्याकडून झालं' म्हणत होत्या, एकाही घरी त्यांनी आग्नेसचं नाव उच्चारलं नव्हतं. त्यांनी झाकून ठेवलेलं ते एक नाव आग्नेसनी भर रस्त्यात स्वतःच उघडं केलं. शेजारच्या रांगेतली दोन माणसं त्याच दिवशी कल्पेशकडे वळली. आर्द्रा लागेपर्यंत त्याची पिंपं रिकामी होऊ लागली होती. आता तर त्याचा मंडप त्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा. परवा मी थांबले होते तो त्याचा नव्हता. त्याच्याकडे उभं राहायला जागाच नव्हती.

पण आमच्याकडे उतरती कळा लागली. मोबाइलवर आता आग्नेसचं चित्रण फिरत होतं. तिथ्या एकामागून एक रद्द झाल्या. जे आले ते आधी स्वयंपाकघरात शिरत, पातेल्यांची झाकणं उघडून वास घेत, पिठाच्या डब्यात हात घालून बघत. एका गृहस्थांनी पाण्याच्या टाकीवर चढून आत डोकावलं. सिस्टर फ्लोरी प्रत्येक दार उघडून देत. मला संताप यायचा. त्या म्हणत, "बघू दे ना बाई, बघायला आले म्हणजे अजून यायचं मनात आहे."

आग्नेसनी त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मागच्या अंगणात तूर निवडत बसत, झाडू मारत, मुलींचे गणवेश उसवले तर शिवत. पाहुणे आले की चिंचेखाली जाऊन उभ्या राहत. स्वयंपाक सिस्टर फ्लोरी करत, आणि त्यांना तो येत नव्हता. खिचडी रोज खालून लागायची. मुली शहाण्या, बोलत नसत, पण करपलेल्या भागाला त्यांनी 'सिस्टर फ्लोरीचा चेवडा' असं नाव ठेवलं होतं.

त्या दिवसांतली एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. ज्यांनी तिथी रद्द केली, त्यांच्याही माणसाचं नाव त्या त्या दिवशी फळ्यावर लिहिलं जायचं. त्या करपलेल्या खिचडीपुढे हात जोडून मुली प्रार्थनेत ते नाव घ्यायच्या. शेटजींच्या पत्नीचं घेतलं, बिस्किटवाल्या बाईंच्या सासऱ्यांचंही घेतलं. मी सिस्टरांना म्हटलं, "हे त्यांना कळवू या का? ऐकून त्यांचं मन वळेल." त्यांनी लागलेलं पातेलं घासता घासता मान हलवली. "कळवलं की ती जाहिरात झाली, बाई." कुणालाही कळवलं नाही.

सिस्टर फ्लोरींची नंतर बदली झाली. सिस्टरांचं तसंच असतं, एक पेटी आणि जायची चिठ्ठी. आग्नेस मंगळूरला परत गेल्या, त्यांच्या वयस्क सिस्टरांच्या घरी असतात, ऐकू कमी येतं. फोन केला की "तुम कैसा है? खाना खाया?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारतात. आंब्याच्या दिवसांत मला त्या दोघी नसलेलं बडोदं थोडं परकं वाटतं. उन्हं तीच, वास तोच, रिक्षाच्या सीटचा तापलेला रेक्झिनही तोच. पण शेजारी बसून केळ्याचा अर्धा भाग देणारं कुणी नाही.

तर त्या वर्षीचा आषाढ. पाऊस नुकता स्थिरावला होता. सकाळी बालघराच्या दारात रिक्षा थांबली आणि गुप्ते काकू उतरल्या, हातात कापडी पिशवी, चेहरा नेहमीसारखा कडक. मला वाटलं, आता या काय ऐकवायला आल्या. त्या दिवशी त्यांच्या यजमानांची तिथी होती आणि ती त्यांनी दुसरीकडे द्यायचं कधीच ठरवलं होतं.

काकू ऑफिसात आल्या, पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत तांदूळ, तूप आणि कागदात बांधलेले गव्हले, त्यांनी स्वतः वळलेले. सिस्टर फ्लोरी हात पुसत आल्या.

"ती रस्त्यावर बोलली ती म्हातारी सिस्टर आहे ना अजून इथे?" काकूंनी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "आहेत. पण त्या आता स्वयंपाक नाही करत."

"मग कोण करतं?"

"मी."

काकूंनी नाक वर करून वास घेतला. खिचडीचा पहिला थर नुकताच लागला होता. "कळतंय," त्या म्हणाल्या. "बोलवा तिला."

आग्नेस आल्या, मान खाली घालून, काकूंच्या पावलांकडे बघत. काकूंनी गव्हल्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "हिला सांग हिंदीत. ह्यांच्या तिथीला खीर लागते. गव्हल्यांची. ती हिनेच करायची. जिने चार लोकांत स्वतःचं चुकलं म्हटलं, ती आता दूध तापवताना दहा वेळा बघेल. मला दुसऱ्या कुणाचं नको."

मी सांगितलं. आग्नेसचा चेहरा पांढरा पडला. पुडा तसाच हातात धरून त्या एकच शब्द बोलल्या, "दूध?"

"दुधाचीच करतात हो खीर, पाण्याची नाही करत," काकू मराठीतच म्हणाल्या, आणि आग्नेसना ते बरोबर समजलं.

त्या वळल्या आणि पाय ओढत स्वयंपाकघराकडे गेल्या. फ्लोरी सिस्टरांनी काकूंसाठी खुर्ची उचलली आणि म्हणाल्या, "चला ना, तिथं स्वयंपाकघरातच ठेवते, तुम्हाला बघायला बरं पडेल." तेव्हा काकूंनी हाताने नको म्हटलं. माझे गुडघे दुखतात, म्हणाल्या, मी इथेच बरी. त्या पंख्याखाली बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले, आणि जेवणाची घंटा होईपर्यंत एकदाही स्वयंपाकघराकडे फिरकल्या नाहीत.